रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू आणि कामगाराचा जीव

(दिल्ली येथे रेल्वे व डाक कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुंबईहून मथुरेमार्गे दिल्लीला येताना आपली गाडी बल्लभगड, फरीदाबाद आणि तुघलकाबाद ही स्थानके ओलांडते. रुळाच्या दोन्ही अंगांना कारखान्यांची रांग दिसते. याच फरीदाबादमधून १९५९ साली आयशर कंपनीचा, भारतात तयार झालेला पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. पुढे एस्कॉर्ट्सचे ट्रॅक्टर येथेच तयार होऊ लागले आणि १९७९ पासून बल्लभगडला माती उकरणारी व भरणारी जेसीबी यंत्रे बनू लागली. आम्ही या परिसरात यंत्रदुरुस्तीचे काम करणारी माणसे. आज आम्ही तुमच्यापुढे एका लहानशा भागाविषयी बोलणार आहोत. ट्रॅक्टरच्या पुढच्या बाजूस दोन दांडे आणि एक बकेट बसवलेली असते, त्याला लोडर म्हणतात. त्या लोडरच्या तेलाच्या वाटेवर रिलीफ व्हॉल्व्ह नावाचा अंगठ्याएवढा भाग असतो. त्याविषयी हे भाषण आहे.

रेल्वेच्या आणि टपालाच्या कामगारांना ट्रॅक्टरच्या लोडरचे काय, असे कोणी विचारील. त्याला आमची तीन उत्तरे आहेत. पहिले असे की मालधक्क्यावर वाळू, खडी, कोळसा आणि सांडलेला माल उचलण्यासाठी ठेकेदार असे ट्रॅक्टर आणतात, आणि त्यांच्या आसपास रेल्वेचा माणूस उभा असतो. दुसरे असे की आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी शेती आहे. गावाकडे भावाने शेणखत भरायला किंवा मुरूम ओढायला ट्रॅक्टरला लोडर लावून घेतलेला असतो. तिसरे असे की पार्सल विभागात दांडा वरखाली करून माल उचलायची जी हातगाडी असते, तिच्या पोटातही याच जातीचा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. ठरवलेल्या वजनापेक्षा जास्त माल ठेवला तर दांडा हलतो, पण गाडी उचलत नाही. अशा वेळी गाडी बिघडलेली नसते. तो व्हॉल्व्ह आपले काम करीत असतो.

प्रथम यंत्र कसे चालते ते पाहू. ट्रॅक्टरच्या इंजिनवर एक पंप फिरतो. हा बहुधा दोन दातेरी चाकांचा, म्हणजे गिअर पंप असतो. तो प्रत्येक फेऱ्याला ठरावीक तेल पुढे ढकलतो. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पंप दाब तयार करतो असे आपण म्हणतो, पण खरे पाहता पंप फक्त तेल ढकलतो. दाब तयार होतो तो पुढच्या अडथळ्यामुळे. बकेट रिकामी असेल तर दाब थोडा, ओल्या वाळूने भरलेली असेल तर जास्त. आणि बकेट मातीत रुतून बसली, किंवा सिलिंडरचा दांडा शेवटपर्यंत जाऊन थांबला, तर तेलाला जायला वाटच उरत नाही. इंजिन तर फिरतेच आहे आणि पंप तेल ढकलतोच आहे. तेल दाबून लहान होत नाही. मग दाब क्षणात चढत जातो आणि जो भाग सर्वांत कमजोर असेल तो फुटतो. कधी होज पाईप, कधी सिलिंडरचे सील, कधी पंपाचे घर, तर कधी इंजिनच बंद पडते.

हे होऊ नये म्हणून पंपाच्या पुढे एक वेगळी वाट ठेवलेली असते. त्या वाटेच्या तोंडावर एक गोळी किंवा शंकूच्या आकाराची खीळ बसलेली असते आणि तिला मागून स्प्रिंग दाबून धरते. स्प्रिंगच्या मागे एक स्क्रू आणि त्यावर चेकनट असते. तेलाचा दाब स्प्रिंगच्या जोरापेक्षा वाढला की गोळी मागे सरते आणि जादा तेल सरळ टाकीत परत जाते. दाब उतरला की स्प्रिंग पुन्हा वाट बंद करते. यालाच रिलीफ व्हॉल्व्ह म्हणतात. बकेट पूर्ण वर गेल्यावरही चालकाने लिव्हर ओढून धरली की जो किरकिर किंवा शीळ घातल्यासारखा आवाज येतो, तो याच वाटेने निसटणाऱ्या तेलाचा असतो.

रेल्वेच्या माणसाला हे नवे वाटू नये. एअर ब्रेकच्या गाडीत ब्रेक पाईपचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो आणि फीड पाईपचा ६ किलो असतो. जुन्या डब्ल्यूपी वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरचा दाब चौरस इंचाला २१० पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरला पावणेपंधरा किलोच्या आसपास होता. लोडरचा दाब मात्र सर्वसाधारणपणे १५० ते २०० किलोंच्या घरात असतो. म्हणजे त्या बॉयलरच्या दहापटीहून अधिक. बॉयलरमध्ये कोंडलेली वाफ फुटताना पसरते, म्हणून तेथे स्फोट होतो. तेल तसे पसरत नाही. पण त्या तेलावर उचललेले वजन टांगलेले असते, आणि होज फुटला की ते वजन खाली येते.

आता जोराचा हिशेब करू. सिलिंडरचा आतला व्यास ६३ मिलिमीटर धरला तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३१ चौरस सेंटिमीटर होते. दाब १७५ किलो असेल तर एका सिलिंडरचा जोर सुमारे ५,४०० किलो आणि दोन सिलिंडरांचा मिळून पावणेअकरा टनांच्या घरात जातो. दांड्यांच्या लांबीमुळे बकेटपाशी त्यातला थोडाच हिस्सा पोहोचतो. बाकीचा सारा जोर पिना, वेल्डिंग, चौकट आणि पुढचा अक्ष यांना सोसावा लागतो. कोणी स्क्रू आवळून दाब १७५ चा २३० केला, तर बकेटपाशी जोर सुमारे ३१ टक्क्यांनी वाढतो. पण त्याबरोबर पिनांवरचा, वेल्डिंगवरचा, होजवरचा आणि पंपाच्या बेअरिंगवरचा ताणही तितकाच वाढतो. ते भाग मात्र पहिलेच राहतात. शिवाय पुढे वजन वाढले की ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात. मागे पुरेसे वजन बांधलेले नसेल तर चाके जमीन सोडतात आणि ट्रॅक्टर पुढे कलतो. म्हणजे हा व्हॉल्व्ह फक्त तेलाच्या नळ्या वाचवीत नाही. या ट्रॅक्टरने किती उचलायचे याची मर्यादाही तो ठरवतो.

काही वर्षांपूर्वी दिल्लीजवळच्या एका मालधक्क्यावर आम्हांला बोलावणे आले. ठेकेदाराचा ट्रॅक्टर ओली वाळू उचलीत असता उजव्या सिलिंडरचा खालचा होज फुटला आणि दांडे खाली आले. चाकापुढे अडकलेले पोते ओढण्यासाठी वाकलेल्या मदतनिसाच्या पायाचा चेंदामेंदा झाला. दुपारपर्यंत चौकशीचा कागद तयार होता. त्यात 'चालकाचा निष्काळजीपणा' असे लिहिले होते. चालक बिचारा हात जोडून उभा होता. आमच्या साथीदारांनी एवढेच म्हटले की नवा होज बसवा, पण कामाला लावण्याआधी आम्हांला गेज लावू द्या. पुष्कळ वादावादी झाली. अखेरीस गेज लावले. यंत्राच्या पुस्तकात १७५ लिहिलेले होते आणि काटा २३० च्या पुढे गेला. चेकनटवर पान्याचे ताजे ओरखडे होते. मग एकेक गोष्ट बाहेर आली. आठ दिवसांपूर्वी 'बकेट पुरी भरत नाही, फेऱ्या वाढतात' म्हणून बाहेरचा मेकॅनिक आणून स्क्रू दीड फेरा आवळला होता. आवळायला सांगणारा चालक नव्हता. चौकशीचा कागद पुन्हा लिहावा लागला.

येथे आम्ही प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगतो. चांगला होज पाईप नवा असताना त्याच्या कामाच्या दाबाच्या सुमारे चौपट दाब सोसण्याइतका मजबूत केलेला असतो. म्हणून २३० ला तो लगेच फुटत नाही, आणि म्हणूनच माणूस फसतो. आठ दिवस काही होत नाही, फेऱ्या कमी होतात, सगळे खूष असतात. पण उन्हाने कडक झालेला, कडेला घासून आतली तार उघडी पडलेली जुनी नळी प्रत्येक झटक्याला थोडी थोडी मरत असते. वाढवलेला दाब तिचे उरलेले आयुष्य खाऊन टाकतो.

त्या अपघातात दुसरीही एक गोष्ट होती. ट्रॅक्टर भरलेली बकेट घेऊन खड्ड्यातून जात होता. लिव्हर मधल्या जागी असताना सिलिंडरमधले तेल कोंडलेले असते. पंप आणि सिलिंडर यांच्यामध्ये कंट्रोल व्हॉल्व्हचा स्पूल बंद असतो. खड्ड्यात चाक आदळले की टांगलेले वजन उसळते आणि कोंडलेल्या तेलाचा दाब एकदम वाढतो. मुख्य रिलीफ व्हॉल्व्ह स्पूलच्या अलीकडे, पंपाच्या बाजूला असतो. त्याच्यापर्यंत हा दाब पोहोचतच नाही. म्हणून चांगल्या लोडरमध्ये स्पूलच्या पलीकडे, सिलिंडरच्या वाटेवर निराळा रिलीफ व्हॉल्व्ह बसवतात. त्याला पोर्ट रिलीफ किंवा शॉक व्हॉल्व्ह म्हणतात आणि त्याचा दाब मुख्य व्हॉल्व्हपेक्षा थोडा जास्त ठेवतात. बकेट दगडावर आदळली तर धक्का तोच खातो. गावठी पद्धतीने जोडलेल्या कित्येक लोडरांत हा व्हॉल्व्ह नसतो. तेव्हा भरलेली बकेट नेताना ती जमिनीपासून शक्य तितकी खाली ठेवणे आणि हळू जाणे, हाच तेथे उपाय आहे.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. रिलीफ व्हॉल्व्ह यंत्राला जादा दाबापासून वाचवतो. उचललेल्या बकेटखालच्या माणसाला तो वाचवीत नाही. होज फुटला तर रिलीफ व्हॉल्व्हला काहीच करता येत नाही, कारण तेव्हा दाब वाढत नसून नाहीसा झालेला असतो. दांडे अडवून धरायला सिलिंडरच्याच तोंडावर बसवलेला वेगळा लॉक व्हॉल्व्ह लागतो, आणि तो प्रत्येक लोडरला असतोच असे नाही. म्हणून दांड्याखाली जाऊ नये, हा नियम व्हॉल्व्ह कितीही चांगला असला तरी कायम राहतो. ग्रीस भरायचे असेल, पिन बदलायची असेल, तर बकेट जमिनीवर टेकवा. दांडे वर ठेवणे भागच असेल तर लोखंडी टेकू लावल्याशिवाय हात घालू नका.

आता दुरुस्तीविषयी. लोडर उचलत नाही म्हटले की पहिला हात स्क्रूकडे जातो. वास्तविक तो शेवटी जायला हवा. आधी टाकीतले तेल पाहा. मग फिल्टर तुंबला आहे का आणि पंपाकडे तेल नेणारी नळी हवा ओढते आहे का, ते पाहा. सिलिंडरच्या आतले सील गेले असेल तर तेल एका बाजूकडून दुसरीकडे गळते आणि बकेट आपोआप खाली बसते. पंपाची दाती झिजली असतील तर तेल गरम झाल्यावर जोर कमी होतो. रिलीफ व्हॉल्व्हमध्येही खरा दोष असू शकतो. गोळीखाली कचऱ्याचा कण अडकतो किंवा स्प्रिंग थकते. कचरा असेल तर साफ करणे आणि स्प्रिंग थकली असेल तर बदलणे हा उपाय आहे. झिजलेल्या पंपावर स्क्रू आवळणे म्हणजे ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर झटकून ताप उतरला असे म्हणणे होय.

तपासणीची रीत सोपी आहे. तेल कामाइतके गरम होऊ द्यावे. पंपाच्या दाबाच्या वाटेवर योग्य मापाचे गेज जोडावे. इंजिन पुस्तकात दिलेल्या फेऱ्यांवर ठेवून सिलिंडर शेवटपर्यंत न्यावा आणि चारपाच सेकंद लिव्हर धरून काटा वाचावा. त्यापेक्षा जास्त वेळ धरू नये. पंप मिनिटाला ३० लिटर तेल देत असेल आणि दाब १७५ असेल, तर त्या शिट्टीच्या वेळी सुमारे साडेआठ किलोवॅट शक्ती नुसत्या उष्णतेत जाते. म्हणजे एक किलोवॅटच्या साडेआठ शेगड्या तेलात पेटवल्यासारखे झाले. जो चालक बकेट वर गेल्यावरही लिव्हर ओढून धरतो, तो तेल जाळतो आणि सीलही जाळतो.

लोडर जोडताना दोन पथ्ये पाळावीत. पंप आणि मुख्य रिलीफ व्हॉल्व्ह यांच्यामध्ये बंद करता येईल असा नळ किंवा कपलिंग कधीही बसवू नये. ते बंद राहिले तर पंपाला कोणतेही संरक्षण उरत नाही. तसेच सिलिंडरच्या नळ्यांची झटपट जोडणी पूर्ण बसली आहे की नाही, ते हाताने ओढून पाहावे. परतीची जोडणी अर्धवट बसली तर सिलिंडरच्या दांड्याच्या बाजूला तेल कोंडते. तेथे दांड्यामुळे क्षेत्रफळ कमी असल्याने दाब पंपाच्या दाबाहूनही वर जातो, आणि मुख्य व्हॉल्व्हला त्याचा पत्ता नसतो.

गळतीबद्दल एक धोक्याची सूचना. नळीला सुईएवढे भोक पडले तर तेलाची धार डोळ्यांना दिसतही नाही. ती शोधायला हात फिरवू नका. इतक्या दाबाचे तेल कातडीतून आत शिरते. वर फक्त टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही नाही, आणि काही तासांत आतले मांस सडू लागते. बोट किंवा हात कापावा लागल्याची उदाहरणे आहेत. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून गळती शोधा. तेल आत शिरल्याची शंका आली तर हळद-चुन्यावर थांबू नका. त्याच क्षणी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जा आणि दाबाचे तेल आत गेले आहे असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

मित्रहो, हा प्रश्न नवा नाही. १७ जून १८३१ रोजी अमेरिकेत 'बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्स्टन' या वाफेच्या इंजिनाचा बॉयलर फुटला. वाफेच्या आवाजाला कंटाळून फायरमनने सेफ्टी व्हॉल्व्ह दाबून बंद केला होता, असा त्याचा इतिहास आहे. त्यात त्या फायरमनचाच बळी गेला. पुढे १८५५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉन रॅम्सबॉटम या रेल्वे इंजिनिअरने असा सेफ्टी व्हॉल्व्ह तयार केला की इंजिनावरच्या माणसाला तो दाबून बंद ठेवता येऊ नये. दिल्लीहून रेवाडीला जाऊन १८९३ सालचे वाफेच्या इंजिनांचे शेड पाहिले तर तेथील इंजिनांवर सेफ्टी व्हॉल्व्ह आपल्याला दिसतील. रेल्वेने त्या अनुभवातून शिकलेला धडा असा की माणसाला उपदेश करून भागत नाही, व्हॉल्व्हच छेडता येणार नाही असा करावा लागतो. लोडरच्या स्क्रूला तोच न्याय लावला पाहिजे.

कायदाही याच बाजूचा होता आणि आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३१ व्या कलमाने, वातावरणापेक्षा जास्त दाबावर चालणाऱ्या यंत्रात सुरक्षित दाब ओलांडला जाणार नाही याची परिणामकारक व्यवस्था करण्याचे बंधन घातले. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि समोर दिसणाऱ्या धोक्याची सूचना देण्याचा हक्क कामगाराला मिळाला. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहितेतही हा हक्क ठेवलेला आहे. मालधक्का म्हणजे कारखाना नव्हे, असे उत्तर आपल्याला मिळते. पण तेल काही मालधक्का आणि कारखाना असा भेद करीत नाही. कलम कोणतेही असो, मागणी करायला आपल्याला कोणी अडवलेले नाही.

म्हणून आमच्या चार सूचना आहेत. आपापल्या शाखेने त्यांवर विचार करावा.

एक, आपल्या आवारात येणाऱ्या प्रत्येक लोडरवर त्याचा ठरलेला दाब आणि उचलण्याचे कमाल वजन मराठी-हिंदीत रंगवलेले असावे.

दोन, रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू तारेने बांधून त्याला सील लावावे. सील तोडायचे असेल तर कोणी, कधी आणि का तोडले हे वहीत सहीनिशी लिहिले जावे.

तीन, ठरलेल्या मुदतीने गेज लावून दाब तपासावा, आणि त्या वेळी कामगारांचा एक प्रतिनिधी हजर असावा.

चार, लोडरचा अपघात झाल्यास गेजवर दाब वाचून त्याची नोंद केल्याशिवाय कोणाही चालकावर ठपका ठेवला जाऊ नये.

एक साधे गेज आणि जोडणीची नळी यांचा खर्च एका नव्या होजपेक्षा फारसा जास्त येत नाही. त्या मालधक्क्यावर आम्ही गेज लावले म्हणून चालकाची नोकरी वाचली. पण ते अपघातानंतर लावले. आठ दिवस आधी लावले असते तर मदतनिसाचा पाय वाचला असता. तो मदतनीस आजही काठी घेऊन चालतो. आपल्या शाखांनी गेज आधी लावावे, एवढेच सांगण्यासाठी आम्ही येथे आलो.

कामगार एकजुटीचा विजय असो!